साहेब, नव्या गाड्यांच्या आधी एक ताई द्या

प्रति,
मा. गृहमंत्री आणि मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पोलीस खात्याच्या वाढीव तरतुदीतला काही वाटा सामाजिक कामाकडे, म्हणजे ठाण्यांशी जोडलेल्या समाजकार्यकर्त्यांकडे, वळवण्याबाबत.

साहेब, जय हिंद.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे गेली. पोलिसांचे पैसे कमी करा असं कुणी म्हणालं की आधी मीच बाह्या सरसावतो. तरीही हे पत्र तसंच काहीतरी मागणारं आहे, म्हणून जरा शेवटपर्यंत वाचा.

आधी काय मागत नाही ते सांगतो, म्हणजे माझेच जुने सहकारी मला वेड्यात काढणार नाहीत. शिपायाच्या पगाराला हात लावू नका. पोलीस लाइनीतल्या गळक्या खोल्यांचे पैसे कापू नका, उलट वाढवा. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायानं मांडलेल्या वेळापत्रकावरून २०१६ मध्ये आठ तासांची ड्यूटी सुरू झाली, ती मुंबईत इतर ठाण्यांत गेली आणि मग बंदोबस्त लागला की पुन्हा बारा तासांवर येत राहिली. ती आठ तासांवर टिकवायला माणसं लागतील, तीही भरा. अमेरिकेत २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर पोलिसांचा निधीच काढून घ्या अशी घोषणा झाली. ज्या मिनिआपोलिसमध्ये तो खून झाला, तिथल्याच मतदारांनी पुढच्या वर्षी पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचा प्रस्ताव मतपेटीतून फेटाळला. लोकांना पोलीस नको नसतात. रात्री दोन वाजता दार वाजलं तर त्यांना पोलीसच हवा असतो. पण २०२० मध्येच अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरानं काही ठरावीक फोनवर पोलिसांऐवजी मानसिक आरोग्याचा माणूस आणि आरोग्यसेवक असलेली गाडी पाठवायला सुरुवात केली होती. घोषणेची चर्चा आपल्या टीव्हीवर पुष्कळ झाली, त्या गाडीची फारशी झाली नाही.

असो. आपल्याकडचं बोलू.

ठाण्यात रात्री दहानंतर काय येतं, ते कधीतरी कुठल्याही स्टेशन डायरीचं पान उघडून बघा. चोरी, मारामारी, अपघात आहेतच. बाकी? नवऱ्यानं पिऊन येऊन बाहेर काढलेली बाई, कडेवर पोर. घर विसरलेले आजोबा, खिशात फक्त एसटीचं तिकीट. आईबापाशी भांडून निघालेली आणि स्टँडवर सापडलेली पंधरा वर्षांची पोरगी. पोरानं गोळ्या बंद केल्यात, आठवडाभर झोपला नाही, आता कोयता घेऊन दारात बसलाय, असं सांगत रडणारी आई. ११२ या आपत्कालीन नंबरवर येणारे कित्येक फोनही याच जातीचे. त्यात गुन्हा असतो, नाही असं नाही, पण गुन्ह्याच्या आधी बरंच काही झालेलं असतं आणि गुन्हा नोंदवल्यावर त्यातलं काहीच सुटत नाही.

आमच्याकडे यावर द्यायला काय असतं? एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद), चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई), नाहीतर दम. एनसी घेतली की कागद बाईच्या हातात आणि बाई परत त्याच घरात. चॅप्टर केस केली तर नवऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभा करायचा, बॉन्ड लिहून घ्यायचा, आणि संध्याकाळी तो तिच्या आधी घरी पोचतो. दम देणं आमच्यातल्या काहींना छान जमायचं. त्याचा असर एका पगारापुरता, म्हणजे पुढच्या बाटलीपर्यंत.

याला उपाय परदेशातून आणायची गरज नाही. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. शिकलेली समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसणार, पण पोलीस नसणार, एवढीच कल्पना. पुढे राज्याच्या महिला व बालविकास खात्यानं ती उचलली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष निघाले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून सुरू केलेलं 'दिलासा' केंद्रही त्याच वळणाचं. तिथं जखमेला टाके घालताना जखम कशी झाली हेही विचारलं जातं. या गोष्टी चाळीस आणि वीस वर्षं जुन्या आहेत. प्रयोग म्हणून त्यांचं कौतुक करायचे दिवस कधीच संपले.

मी असा कक्ष जवळून पाहिला, कारण तो आमच्याच आवारात, मुद्देमालाच्या खोलीशेजारी होता. तिथल्या ताईंचं काम कसं चालायचं ते एका प्रसंगातून सांगतो. बाईची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ही बाई आमच्याकडे पुष्कळदा येऊन गेलेली. दर वेळी मी विचारायचो, "केस करायची का?" ती म्हणायची, "नको साहेब, त्याला फक्त समजवा." मग आम्ही समजवायचो. एकदा तिला ताईंकडे पाठवलं. ताईंनी आधी नवरा आणि दीर दोघांना बाहेर बाकावर बसवलं, बाईला पाणी दिलं आणि विचारलं, "तुला काय हवंय?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, पोरीचा शाळेचा दाखला, माझं आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि माझ्या आईनं दिलेली शिलाई मशीन.

हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं, कारण आमच्या कुठल्याच रकान्यात शिलाई मशीन बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई एक महिला शिपाई सोबत घेऊन गेल्या, पंचांसमोर यादी केली आणि सामान टेम्पोत घालून बाईच्या माहेरी पोचवलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्जही ताईंनीच लिहून दिला. खात्याचा खर्च म्हणाल तर एका शिपायाची अर्धी पाळी आणि स्टेशन डायरीत एक नोंद. ती बाई त्यानंतर रात्री-अपरात्री ठाण्यात आली नाही. आली ती एकदाच, दिवसा, पोरीच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी.

आता त्या ताईंचं काय झालं ते ऐका. अकरा महिन्यांचा करार, पगार नाहीच, 'मानधन', तेही कधी तीन तीन महिने रखडलेलं. टेबल त्यांनी स्वतः आणलेलं. फोन आमचा वापरायच्या. आमच्या रायटरनं, म्हणजे ठाण्याच्या लेखनिक हवालदारानं, एकदा न राहवून विचारलं, "ताई, तुम्ही एवढं बायकांचं भांडता, तुमचं कोण भांडणार?" त्या हसल्या आणि पुढच्या करारावर सही न करता एका खासगी शाळेत समुपदेशक म्हणून गेल्या. जागा भरली गेली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा त्या टेबलावर जप्तीच्या दारूचे कॅन होते.

पैसे नाहीत असं म्हणायचं तर मग गाड्यांचं बोलावं लागेल. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर केंद्रानं २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. बायकांच्या सुरक्षेसाठी. २०२२ च्या जूनमध्ये मुंबई पोलिसांनी त्यातून सुमारे तीस कोटींच्या गाड्या घेतल्या : २२० बोलेरो, ३५ अर्टिगा, ३१३ पल्सर, २०० ॲक्टिव्हा. डिसेंबरात बातमी छापून आली की त्यातल्या ४७ बोलेरो आमदार-खासदारांच्या वाय-प्लस सुरक्षेकडे गेल्या आणि त्यातल्या काही ठाण्यांना परत मिळाल्याच नाहीत. गदारोळ झाला, दोन दिवस चर्चा झाली. चर्चा फक्त गाड्या कुणी नेल्या याची होती. तीस कोटी गाड्यांवरच का, हे कुणी विचारलं नाही.

मी साधा हिशेब केला. समाजकार्याची पदवी घेतलेल्या माणसाला महिना चाळीस हजार धरा, म्हणजे वर्षाला चार लाख ऐंशी हजार. तीस कोटींत अशा ६२५ जणांचा वर्षाचा पगार निघतो. राज्यात पोलीस ठाणी अकराशेच्या वर आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त ठाण्यांत एक ताई किंवा दादा. कुणी म्हणेल, गाडी दहा वर्षं टिकते, पगार दरवर्षी द्यावा लागतो. बरोबर आहे. पण गाडीलाही डिझेल, ड्रायव्हर आणि टायर दरवर्षी लागतात, आणि गाडी घटनास्थळी पोचली की तिच्यातून उतरतो तो मीच, माझी एनसीची वही घेऊन.

कॅमेऱ्यांचंही तेच. २६/११ नंतर मुंबईत कॅमेरे लागले, साडेनऊशे कोटींच्या घरातला प्रकल्प, पाच हजारांच्या जवळपास कॅमेरे. त्यांचा उपयोग झाला नाही असं कुठलाही तपासी अंमलदार म्हणणार नाही. सोनसाखळी चोर, हिट अँड रन, हरवलेली मुलं, सगळ्यात फुटेज कामाला येतं. पण घराच्या आतलं दिसत नाही, आणि ठाण्यात येणारं अर्धं काम घराच्या आतलं असतं. कॅमेऱ्यांच्या नव्या टप्प्याची फाइल पुढे सरकते तितक्याच सहज समाजकार्यकर्त्यांच्या पदांची फाइल का सरकत नाही, याचं कारण मला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. कॅमेऱ्याची निविदा निघते. ताईची निविदा निघत नाही.

मनोरुग्णांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं कायदा आमच्या खांद्यावर आहे आणि खांदा तयार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे रस्त्यावर भटकणारा आणि मनोरुग्ण वाटणारा माणूस दिसला तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोठडीत ठेवायचं नाही. फार चांगला कायदा. आता नांदेडकडच्या एखाद्या ठाण्यातून बघा. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटला आणि खाट मिळाली तर सुटलो. नाही मिळाली तर नागपूर काय आणि पुणे काय, तीनशे किलोमीटरच्या वरच. एक गाडी, दोन शिपाई, कधी एक महिला शिपाई, आणि मागच्या सीटवर घाबरलेला, भाषा न कळणारा माणूस. तो गाडीचं दार उघडू बघतो, शिपाई त्याचा हात धरतो, तो चावतो. शिपायाला कुणी शिकवलेलं नसतं की अशा वेळी आवाज खाली आणायचा, हात सोडायचा, पाणी द्यायचं. त्याला भरतीच्या प्रशिक्षणात लाठी शिकवली. तो लाठी काढतो. पुढचं आपण वर्तमानपत्रात वाचता, आणि मग त्या शिपायाची चौकशी लागते.

म्हणून मागतो ती जिल्ह्याला रात्रपाळीची एक गाडी, तिच्यात मानसोपचाराची परिचारिका आणि एक समाजकार्यकर्ता, आरोग्य खात्याच्या ताब्यात. ११२ च्या नियंत्रण कक्षातून तिला फोन जोडता यावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहेच, तोही जोडावा. हत्यार असेल तर आम्ही पुढे, नसेल तर आम्ही मागे. एवढंच.

मुलांच्या बाबतीत तर मागायचीसुद्धा गरज नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १०७ मध्ये प्रत्येक जिल्ह्यातल्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजकार्यकर्ते हवेत, त्यातली एक महिला, असं स्पष्ट लिहिलंय. आणि प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी. बहुतेक ठिकाणी हा अधिकारी म्हणजे तोच फौजदार, ज्याच्याकडे गोपनीय शाखा, पासपोर्ट आणि गणपती मंडळांच्या परवानग्या असतात.

आता माझ्याच बाजूच्या माणसांनी घेतलेल्या दोन हरकती, ज्या मला पटतात.

पहिली अशी की समुपदेशन म्हणजे बाईला समजावून परत सासरी पाठवणं. असं होतं, मी पाहिलंय. ठाण्यांत महिला दक्षता समित्या असतात. त्यांत काही मनापासून राबणाऱ्या बायका भेटल्या, पण कितीतरी नावं स्थानिक नेत्याच्या यादीतून आलेली, रक्षाबंधनाला राखी बांधून फोटो काढण्यापुरती. अशी मंडळी भांडण 'मिटवतात' आणि गुन्ह्याचा आकडा कमी दिसतो म्हणून साहेबलोकही खूश. म्हणून मी शिकलेला, पगारी, कायम नोकरीतला माणूस मागतोय. उत्साही स्वयंसेवक मागत नाही.

दुसरी हरकत जास्त खोल आहे. सामाजिक काम पोलिसांच्या हाताखाली आलं की त्याची पाळत होते. आपल्या राज्याला हे नवीन नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना हजेऱ्या लावल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसवलं, आणि त्याचं नाव होतं सुधारणा. आत शाळा होती, काम होतं, आणि दारावर पहारा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण घरफोडी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीकडे वळवायची सवय मी नोकरीत असेपर्यंत तरी गेली नव्हती. तेव्हा हा पैसा गृह खात्याच्याच हेडखाली 'सामुदायिक पोलिसिंग' म्हणून खर्ची टाकू नका. तो महिला व बालविकास, सार्वजनिक आरोग्य, सामाजिक न्याय या खात्यांकडे जाऊ द्या. ताई बसेल आमच्या आवारात, पण तिच्या कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल आमचा पीआय (पोलीस निरीक्षक) लिहिणार नाही. तिची वही आम्ही मागू शकणार नाही. १९८४ चा कक्ष चालला त्याचं मोठं कारण हेच, की ती माणसं पोलिसांच्या जवळ होती आणि पोलिसांची नव्हती.

भिवंडीचं नाव न घेता हे पत्र पुरं होणार नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेलं ते गाव. १९८८ पासून तिथं पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात दोन्ही समाजाच्या साध्या माणसांच्या समित्या बांधल्या. बैठकीत गटार, नळ, पोरांची भांडणं, असलेच विषय. १९९२-९३ मध्ये मुंबईत नऊशेच्या आसपास माणसं मेली, आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. त्याला किती खर्च आला असेल? चहा, सतरंज्या, आणि त्या बैठकांना जायला मोकळी ठेवलेली पोलिसांची संध्याकाळ. ही संध्याकाळच आज सगळ्यात महाग आहे. २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्याच बांधकामावरून दंगल झाली आणि जमावानं दोन शिपायांना ठार मारलं. अशी कामं एकदा करून सोडून देता येत नाहीत, ती दरवर्षीच्या तरतुदीतच असावी लागतात.

आता पैसे नेमके कुठून. खात्याच्या खर्चाचा मोठा भाग पगारात जातो, तो हलवता येत नाही हे मी मान्य करतो. हलवता येते ती दरवर्षीची वाढ, नवी खरेदी, आणि व्हीआयपी बंदोबस्त. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला राज्यभरातून आलेले शिपाई शाळांच्या आणि मंगल कार्यालयांच्या फरशीवर झोपतात, तेव्हा त्यांच्या ठाण्यात टेबलामागे कोण असतं ते विचारा. धोका संपलेला असतानाही ज्यांचा अंगरक्षक आणि गाडी सुटत नाही, अशा माणसांची यादी आपल्या खात्यात दर वेळी तपासली जाते म्हणतात. ती तपासणी एकदा खरोखर करा आणि वाचलेला पैसा त्या ६२५ पगारांकडे वळवा.

म्हणून विनंती अशी, की येत्या अधिवेशनात गृह खात्याच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा सभागृहाला दोन आकडे द्यावेत : व्हीआयपी सुरक्षेवर वर्षाला होणारा एकूण खर्च, आणि ठाण्यांशी जोडलेल्या समाजकार्यकर्त्यांच्या मंजूर व रिक्त जागा. आणि पहिल्या वर्षी शंभर ठाण्यांत प्रत्येकी दोन कायम पदं भरावीत. कुठली शंभर, हे ठरवायला समिती नेमायची गरज नाही. प्रत्येक ठाण्याचं गेल्या वर्षीचं एनसी रजिस्टर मागवून घ्या आणि नवरा-बायकोच्या भांडणांच्या नोंदी मोजायला सांगा. दोन दिवसांत यादी तयार होईल.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार